खोटा शेजारी

टक्.

मागच्या पडवीत दोरीवरचा चिमटा फरशीवर पडला आणि दुपारची शांतता मोडली. शर्वरीने आधी आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. जुई झोपेतच होती. एक पाय भिंतीला लावलेला, तोंड किंचित उघडं, मुठीत आईच्या ओढणीचं टोक. चार वर्षांच्या मुलीची दुपारची झोप म्हणजे आईला मिळणारा दिवसातला एकुलता एक मोकळा तुकडा. तो चिमट्याएवढ्या आवाजानेही फुटू शकतो.

दुसरा चिमटा पडला. मग दोन एकदम.

ती पडवीत आली. दोरीवरची चादर समुद्राच्या बाजूला फुगली होती. लग्न होऊन कुणदांडीला आल्यापासून मे महिन्यातल्या दुपारी तिने चादरी नेहमी घराच्या दिशेने फुगलेल्या पाहिल्या होत्या. आज वारा डोंगराकडून येत होता.

ती चादर तशीच टाकून स्वयंपाकघरात धावली. ओट्यावर, कणकेच्या परातीला टेकवून ठेवलेल्या टॅबच्या पडद्यावर लाल पट्टी फिरत होती. वेधशाळेचा निरोप: मालवणच्या नैर्ऋत्येला वादळ. संध्याकाळच्या आत किनाऱ्याजवळ. सर्व होड्यांनी तात्काळ फिरावं. कुठल्या खाडीत शिरायचं ते मागाहून कळवू.

अशा वादळांना कोळी लोक आता 'उकळ' म्हणू लागले होते. पूर्वीची वादळं चार-चार दिवस आधी चाहूल द्यायची, त्यांना नावं ठेवायलाही वेळ मिळायचा. समुद्र तापला तशी ही नवी जात निघाली. सकाळी कोरं आकाश आणि दुपारी भोवरा. त्यात वाऱ्याची दिशा क्षणाक्षणाला बदलायची. एका खाडीचं तोंड सुरक्षित असेल तर दहा मैलांवरच्या दुसरीच्या तोंडाशी लाटा होडी उभी चिरायच्या. म्हणून नुसतं 'परत फिरा' एवढं सांगून भागत नसे. कुठे शिरायचं, तेही सांगावं लागे.

आणि सांगायचं कसं, याचीच व्यवस्था शर्वरी बघत होती.

*

मोठ्या सौरवादळात खालच्या कक्षेतले निम्म्याहून जास्त उपग्रह निकामी झाले, तेव्हा खोल समुद्रातल्या लहान होड्यांचा किनाऱ्याशी संबंध तुटला. त्यातून सागरसाखळी आली. प्रत्येक होडीवर शाळेच्या दप्तराएवढा एक नारिंगी डबा. होडी बुडाली तरी तो सुटून तरंगावा अशी त्याची बांधणी. हा डबा जवळच्या होडीवरच्या डब्याशी बोलतो, तो त्याच्या पुढच्याशी, आणि असा हातोहात निरोप किनाऱ्यावरच्या खांबापर्यंत येतो किंवा तिथून समुद्रात जातो.

यातली गंमत अशी, की कुठल्याच डब्याला पूर्ण वाट माहीत नसते. त्याला फक्त एवढंच ठाऊक असतं: अमुक पत्त्याचा निरोप आला, तर तो शेजारच्या कुणाच्या हातात द्यायचा. पुढचं पुढचा बघेल.

पत्ता आकड्यांचा. चार म्हणजे कुणदांडी बंदर. चार-सात म्हणजे कुणदांडीचा सातवा ताफा. चार-सात-बारा म्हणजे त्या ताफ्यातली बारावी होडी. डब्याच्या यादीत एकाच पत्त्याला लागू पडतील अशा दोन-तीन ओळी असू शकतात. त्यातली कुठली धरायची? जिचे जास्तीत जास्त आकडे जुळतात ती. 'चार-सातचं सगळं अमक्याकडे द्या' आणि 'चार-सात-तीनचं तमक्याकडे द्या' अशा दोन ओळी असतील, तर चार-सात-तीनचा निरोप तमक्याकडेच जाणार. कारण जो बारकाईने सांगतो त्याला जास्त माहिती असणार, असा डब्याचा साधा हिशेब.

हे तिने नवऱ्याला, गौरेशला, एकदा जेवताना समजावलं होतं. जुई दोघांच्या मध्ये बसून बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला मांडत होती.

"म्हणजे कसं बघ. रस्त्यात कुणी विचारलं, कोयंड्यांचं घर कुठे, तर एकजण म्हणतो, त्या दांड्याच्या बाजूला. दुसरा म्हणतो, कोयंड्यांपैकी गौरेशचं ना, मग त्या माडाखालचं निळं. तू कुणाचं ऐकशील?"

"निळ्याचा."

"डबापण तसंच करतो."

"आणि तो दुसरो खोटा सांगत असलो तर?"

"खोटं कशाला सांगेल?"

गौरेश हसला होता. "घाटावरची ती घाटावरचीच. अगो, दर्यात खरा कोण सांगता?"

तिला कोल्हापूरवरून चिडवणं हा त्याचा रोजचाच खेळ होता. तिनेही त्याच्या ताटातली तुकडी उचलून बदला घेतला. पुढे बोलणं दुसरीकडे गेलं.

*

शर्वरीने वादळाचा निरोप सगळ्या होड्यांना सोडला. मोसमाचे शेवटचे दिवस. बऱ्याच होड्या आधीच किनाऱ्याला ओढलेल्या. समुद्रात होता तो सातवा ताफा, गौरेशची 'दर्यासखी' धरून बारा होड्या, आणि परतीच्या वाटेवर असलेली 'जलपरी'.

जलपरीकडून लगेच खूण आली: ऐकला.

दर्यासखीकडून खूण आली: पोचला. म्हणजे निरोप डब्यात आहे, पण कुणी तो ऐकलेला नाही. जाळं ओढताना गौरेश डब्याचा आवाज बंद करतो, हे तिला माहीत होतं.

ताफ्यातल्या बाकी अकरा होड्यांपुढे एकसारखी ओळ उमटली: निरोप हरवला.

तिने पुन्हा पाठवला. पुन्हा हरवला.

प्रत्येक निरोपाला सोळा हातांचं आयुष्य असतं. सोळा वेळा हातबदल होऊनही पोचला नाही, तर डबा तो टाकून देतो. नाहीतर वाट चुकलेले निरोप समुद्रभर फिरत राहतील आणि नव्यांना जागाच उरणार नाही. पण आज समुद्रात होड्याच जेमतेम तेरा. सोळा हात लागलेच कसे? तिने निरोपाचा मागोवा मागवला. पडद्यावर एकाखाली एक नावं आली.

खांब. जलपरी. दर्यासखी. जलपरी. दर्यासखी. जलपरी. दर्यासखी.

खालपर्यंत तेच.

जुईला बिस्कीट हवं असलं की ती शर्वरीकडे यायची. शर्वरी म्हणायची, बाबाला विचार. बाबा म्हणायचा, आईक विचार. पोरगी बिचारी ओटा ते अंगण, अंगण ते ओटा अशा फेऱ्या मारायची आणि शेवटी दमून मध्येच बसायची. तसंच चाललं होतं. जलपरी निरोप दर्यासखीला देत होती, दर्यासखी तो जलपरीलाच परत करत होती.

तिने जलपरीची यादी उघडली. एक ओळ बरोबर होती: चार-सातचं सगळं 'सिद्धेश्वरी'कडे द्या. सिद्धेश्वरी ही ताफ्यातली म्होरकी होडी. हवेत गर्दी नको म्हणून म्होरकी होडी सगळ्या ताफ्याच्या वतीने एवढी एकच आखूड ओळ सांगत असते. पण तिच्याखाली अकरा लांब ओळी होत्या. चार-सात-एक, दर्यासखीकडे. चार-सात-दोन, दर्यासखीकडे. चार-सात-तीन, दर्यासखीकडे. प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: हाताने नोंदवलेली.

होडीला बांधलेल्या पातीवर, म्हणजे छोट्या होडक्यावर, कमजोर डबा असतो. 'ही माझ्याजवळ आहे' असं तिच्या वतीने सांगता यावं, म्हणून हाताने नोंदवायची सोय ठेवलेली होती. गौरेशने पाती नोंदवली नव्हती. त्याने सगळा ताफा नोंदवला होता.

कारण तिला एका क्षणात कळलं. कोण कुणाचा शेजारी, हे साखळीच्या नकाशात सगळ्यांना दिसतं. दर्यासखी ताफा सोडून वायव्येला एकटी गेली, तर उद्या अर्धं गाव तिच्या मागे तिथे हजर. म्हणून त्याने नकाशावर स्वतःला अकरा होड्यांच्या मध्ये बसवलं आणि खरा निघून गेला आपल्या खडपावर, पाण्याखालच्या त्या गुपित खडकाकडे. तिथे इसवण, म्हणजे सुरमई, लागली असणार. एरवी समुद्रात पंचवीस-तीस होड्या असतात, निरोप कुठून तरी फिरून पोचायचा. थोडा उशीर व्हायचा, तो कुणाच्या लक्षातही यायचा नाही. आज मध्ये फक्त जलपरी होती, आणि दर्यासखीलाही शेजारी तेवढी एकच.

*

बाहेर स्कूटर थांबली. पास्कूकाका चपला न काढताच आत आले. पास्कोल फर्नांडिस हे मच्छीमार सोसायटीचे जुने वायरलेसवाले. साखळी आल्यावर त्यांचं काम गेलं, पण सवय गेली नव्हती.

"शर्वरी, सातवो ताफो जाग्यावरच असा गो! एक पण होडी हलना नाय. झोपले काय रे सगळे?"

"त्यांना कळलंच नाहीये, काका."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, डोळे बारीक करून वाचलं आणि स्टुलावर बसले.

"गौरेशान केल्यान ह्या?"

तिने 'हाताने नोंदवलेली' या अक्षरांवर बोट ठेवलं.

"खडप लपवूक. येड्या, येड्या..." त्यांनी मांडीवर मूठ आपटली. "माजो बापूस पण तसोच होतो. वायरलेसवर कोणी विचारल्यान, खंय असस रे, तर दक्षिणेक असलो तर सांगी उत्तरेक. सगळो गावच तसा सांगता. म्हणान तर कोण कोणाचा खरा धरीत नाय!"

"डबा धरतो, काका."

पास्कूकाकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग त्यांनी खिशातून वायरलेसचा जुना हातसंच काढला आणि जलपरीला हाका मारल्या. खरखरीतून जलपरी चालवणाऱ्या तांडेलाचा आवाज आला. तो सिद्धेश्वरीला मघापासून बोलवत होता, पलीकडून काही उत्तर नव्हतं. वायरलेसला अंतर जास्त, हवा बिघडलेली. तो स्वतः पूर्ण वेगाने किनाऱ्याकडे निघाला होता. "आता माका फिरूक सांगू नको पास्कू, माजी पण पोरां असत."

"नाय सांगणंय. तू ये."

शर्वरी दर्यासखीच्या डब्यात एकामागून एक निरोप टाकत होती. "गौरेश, वादळ आलंय, फिर. ते अकरा नंबर काढून टाक." मग: "गौरेश, आवाज सुरू कर ना रे." मग नुसतंच: "गौरेश." प्रत्येकापुढे एकच शब्द उमटत होता. पोचला. पोचला. पोचला.

"किनाऱ्यावरसून काढूक येनत नाय ते नंबर?"

"नाही. शेजाऱ्याने स्वतः सांगितलेलं आपल्याला खोडता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे."

ती काय, हे दोघांनाही माहीत होतं. मागे एका चोरट्या ट्रॉलरने असेच खोटे पत्ते सांगून गस्तीचे निरोप गिळले होते. तेव्हापासून प्रत्येक बंदराला एक अधिकार दिलेला होता. किनाऱ्यावरून एखाद्या डब्याला 'खोटा शेजारी' ठरवलं, की ती खूण हातोहात सगळीकडे पसरते. मग त्याने सांगितलेली प्रत्येक ओळ सगळे डबे पुसून टाकतात. त्याच्याकडून काही घेत नाहीत, त्याला काही देत नाहीत. पूर्ण एक दिवस. खूण मागे घेण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती, नाहीतर खोटारड्यानेच ती वापरली असती. चोवीस तास उलटले की ती आपोआप विरते.

अकरा होड्या. प्रत्येकीवर चार-पाच माणसं. त्या अजून जागच्या जागी जाळी टाकून बसल्या होत्या. आणि एका होडीवर तिचा नवरा, एक तांडेल, नेपाळचे दोन पोरगे. त्यांच्या डब्यात निरोप पोचलेला होता, फक्त कुणी तो ऐकायचा होता.

"थोडा थांबूया," ती म्हणाली. "जाळं ओढून झालं की तो ऐकेल. ऐकल्यावर स्वतःच काढेल."

"थांबूया," पास्कूकाका म्हणाले.

पडवीतून चादर सुटून गेल्याचा आवाज आला. कुणी उठलं नाही.

तेवढ्यात दारात सुवर्णाकाकी उभ्या राहिल्या. पलीकडच्या तारींच्या घरातल्या. त्यांचे दोन्ही मुलगे सिद्धेश्वरीवर होते. डोक्यावरचा पदर वाऱ्याने खांद्यावर आलेला, हाताला माशाचे खवले.

"शर्वरी, माज्या झिलांका सांगलंस मा गो? फिरले मा?"

शर्वरीने पास्कूकाकांकडे पाहिलं.

"सांगता ती, सुवर्णा. तू बस."

"बसू काय? वारो बघ कसो फिरलो! फिरले काय नाय ता सांग माका." त्या पुढे आल्या, पडद्यात पाहिलं. त्यांना वाचता येण्यासारखं त्यात फारसं नव्हतं, पण लाल रंग कळत होता. "ह्या तांबडा कित्याक?"

आतून जुईची हाक आली. "आई..." झोपेने जड झालेली. मग रडणं. शर्वरी आत गेली, तिला उचलून कडेवर घेतलं. मुलीच्या अंगाला झोपेची ऊब होती, गालावर उशीचा वळ. तिने डोकं आईच्या खांद्यावर टाकलं आणि पुन्हा डोळे मिटले. त्या ओझ्यासकट शर्वरी ओट्यापाशी आली.

दर्यासखी: पोचला.

"मी दाबतंय," पास्कूकाका हळूच म्हणाले. "तू चेडवाक घेऊन भायर जा. तुजो घोव असा तो. तू नको."

"किल्ली माझ्या बोटाची आहे, काका."

"मगे मी काय सांगणंय नाय. तू थांब म्हणशीत तर थांबू. कोणाक कळाचा नाय."

सुवर्णाकाकी एकदा काकांकडे, एकदा तिच्याकडे पाहत होत्या. "काय कळाचा नाय? काय झाला गो, बाय?"

जलपरी किनाऱ्याकडे पळत होती. ती आणखी थोडी सरकली, की सिद्धेश्वरी तिच्या टप्प्याबाहेर जाणार आणि मग खरी वाटही उरणार नाही. शर्वरी शेवटचा निरोप बोलली. आवाज शक्य तितका साधा ठेवला, जुई उठू नये म्हणून. "गौरेश, मी तुला आता तोडतेय. तू ऐकलंस की लगेच फिर. वाट बघू नको."

पोचला.

तिने बोट टेकवलं.

*

यादीतल्या अकरा लांब ओळी एकामागून एक पुसल्या गेल्या. उरली ती आखूड ओळ: चार-सातचं सगळं सिद्धेश्वरीकडे. तिने वादळाचा निरोप पुन्हा सोडला. पडदा थोडा वेळ तसाच राहिला. मग सिद्धेश्वरीपुढे हिरवं उमटलं: ऐकला. मग दुसऱ्या होडीपुढे. तिसऱ्या.

"फिरले, सुवर्णाकाकी. तुमचे दोघेही फिरले."

सुवर्णाकाकींनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. खवले तिच्या कानशिलाला चिकटले.

नकाशावर दर्यासखीच्या जागी काहीच नव्हतं. खोटी जागा पुसली गेली होती, आणि खरी सांगणारं कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने वेधशाळेचा दुसरा निरोप आला. दक्षिणेकडच्या होड्यांनी मालवणच्या किल्ल्याआड शिरावं. तो तिने ताफ्याला पाठवला. खाली आणखी एक ओळ होती. वायव्येकडे कुणी असल्यास देवगडचं तोंड टाळावं, विजयदुर्गला जावं.

वायव्येकडे एकच होडी होती. शर्वरीने तरीही बटण दाबलं आणि बोलली. "गौरेश, देवगड नको. विजयदुर्ग."

पडद्याने लगेच उत्तर दिलं: शेजारी नाही.

ती पुन्हा बोलली. पास्कूकाकांनी हातसंचावर हाका मारून मारून घसा बसवला. गस्तीच्या बोटीला कळवलं, देवगडला फोन केला, विजयदुर्गला केला. फोनवरचे लोक भले होते, त्यांनी नावं लिहून घेतली. पण त्या हवेत कुणी बाहेर पडणार नव्हतं.

जुई पूर्ण जागी झाली आणि दूध मागू लागली. शर्वरीने दूध गरम केलं, फुंकून दिलं, सायीचा तुकडा बोटाने काढला. जुईला साय आवडत नाही.

*

अंधार पडायच्या आत अकराही होड्या मालवणच्या किल्ल्याआड पोचल्या. दोघांचे हात मोडले, एकाच्या होडीचं शीड गेलं, माणूस एकही नाही. दर्यासखीचं कुणालाच काही माहीत नव्हतं. सिद्धेश्वरीवरचा सुवर्णाकाकींचा थोरला फोनवर म्हणाला, "गौरेश आमच्यावांगडाच होतो मा? नकाशार तर बाजूकच दिसत होतो."

मग गावाला सगळं कळलं. रात्र जागून काढलेल्या बायका सकाळी अंगणात येऊन बसल्या तेव्हा कोण काय बोलतंय ते शर्वरीला आतून ऐकू येत होतं.

"खोटो वागलो, दुसरा काय."

"तू सांगू नको. तुज्या घोवान कधी खरी जागा सांगल्यान?"

"घाटावरची ती. दर्यातल्या माणसाक तोडूचा काळीज आमका झाला नसता."

"तिणा तोडल्यान म्हणान तुजो झील घराक इलो. गप रव."

हे शेवटचं सुवर्णाकाकी बोलल्या. त्यांनी पेजेचं पातेलं आत आणून ठेवलं, पण शर्वरीच्या नजरेला नजर दिली नाही. काल त्या ओट्यापाशी कशासाठी उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर काय ठरत होतं, ते त्यांना आता उमगलं होतं.

दुपार व्हायच्या आधी देवगडहून फोन आला. पास्कूकाकांनी घेतला. बंदराच्या तोंडाशी खडकावर एक होडी उलटी सापडली होती. निळ्या रंगाची, नाव वाचता येण्याजोगं. आत कुणी नव्हतं. डबा जागेवर नव्हता, सुटून गेला असावा. शोध चालू आहे, असंही म्हणाले. काकांनी ते तिला सांगितलं आणि मग उगाचच पुढे म्हणाले, "नेपाळच्या पोरांच्या घराक कळवूक होया. तेंचो नंबर गौरेशकडेच होतो."

ती उठली नाही. जुईचे केस विंचरत होती ते विंचरत राहिली. दोन वेण्या घातल्या. एक वर झाली, एक खाली. सोडून पुन्हा घातल्या.

*

बायका एकेक करून उठून गेल्या. पास्कूकाका पडवीत खांबाला टेकून बसल्या बसल्या पेंगले होते. समुद्र असा निवळला होता, की काल काही झालंच नाही असं वाटावं. शर्वरी ओट्यापाशी उभी होती. काय करायचं ते सुचत नसलं की ती तिथेच उभी राहायची. जुई परातीतल्या उरलेल्या कणकेचे गोळे करत ओट्यावरच बसली होती.

पडदा आपोआप उजळला. चोवीस तास उलटून 'खोटा शेजारी'ची खूण विरली होती. सगळे डबे पुन्हा सगळ्यांचं ऐकायला मोकळे झाले होते.

दर्यासखी, नवा शेजारी: गस्तीची बोट. थांबलेले निरोप: सहा.

डबा कुठेतरी तरंगत होता. कुणी घ्यायला तयार नसताना त्याने कालपासून ते सहा निरोप सांभाळून ठेवले होते, आणि घेणारा भेटताच हातोहात पुढे दिले होते. प्रत्येकावर वेळ होती. पहिला तिने बोट टेकवल्यानंतर थोड्याच वेळाने बोललेला होता.

शर्वरीचा हात पुढे झाला आणि थांबला. जुईचा थांबला नाही. कणकेचं बोट पडद्यावर टेकलं.

"शर्वरी, आत्ता आयकलंय गो. जाळ्यात होतंय." मागे इंजिन होतं, वारा होता, कुणीतरी नेपाळीत ओरडत होतं. "ते नंबर काढून टाकलंय. जाळा कापलंय. फिरलंय. आता सांग, देवगडाक शिरू की विजयदुर्गाक?"

"बाबा!" जुई ओरडली.

दुसरा निरोप. "शर्वरी? देवगड जवळ पडता माका. थय जाव काय? बेगीन सांग."

तिसरा. "तू रागावलंस काय गो? मगे रागाव. आधी सांग."

चौथ्यात वाराच जास्त होता. पाचव्यात त्याने फक्त दोन नावं घेतली, एकापुढे एक, प्रश्नासारखी. सहाव्यात आधी नुसतं इंजिन ऐकू आलं. मग जवळून, डब्याला तोंड लावल्यासारखा आवाज आला. "बरा, जातंय देवगडाक. जुई उठली काय? तिका सांग, येतंय."

पडद्यावर ओळ उमटली: उत्तर द्यायचे असल्यास बोला.

पडवीत पास्कूकाका जागे झाले होते. ते दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

जुईने कणकेचे हात फ्रॉकला पुसले. पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली होती. गौरेशला पडायची तशीच.

"आई, बाबा किती वेळा विचारतोय. तू सांगत का नाहीस त्याला?"